रस्ता आणि रान, दोहोंना चालणारे चाक

साताऱ्याच्या किंवा कराडच्या टायरच्या दुकानांत नेहमी ऐकू येणारा एक संवाद आहे. गाडी एसयूव्ही. रोजची धाव महामार्गावरून कचेरीपर्यंत किंवा कारखान्यापर्यंत. पण सुट्टीच्या दिवशी तीच गाडी चाळकेवाडीच्या पठारावर, नाहीतर पाणंदीतून रानातल्या वस्तीवर न्यायची असते. दुकानदार तीन टायर पुढे मांडतो. पहिला 'एचटी', म्हणजे डांबरी रस्त्याचा: नक्षी दाट, खाचा अरुंद. तिसरा 'एमटी', म्हणजे चिखलाचा: रबराचे मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद चर. मधला 'एटी', ऑल-टेरेन. रस्ता आणि रान दोन्हीकडे चालेल असे आश्वासन देणारा. गिऱ्हाईक मधल्यावर हात ठेवते आणि विचारते, "रोजच्या वापराला चालेल ना?"

प्रश्न वाटतो तितका नवा नाही. रस्त्याला आणि रानाला एकच चाक पुरे पडेल का, हे कोडे या दोन जिल्ह्यांनी सुमारे दोनशे वर्षे सोडवले आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तराची किंमत कोणीतरी वेगळ्यानेच मोजली आहे. आजचा थ्रेड त्या हिशोबाचा.

आधी भूमी पाहू. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले; दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेला माण, आटपाडी, जत. तिथे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. पश्चिमेला जांभा आणि निसरडी तांबडी माती, मधल्या कृष्णाकाठी पाणी लागताच फुगून चाकाला चिकटणारी काळी माती, पूर्वेला मुरूम, उघडा खडक आणि बाभळीचे काटे. एका दिवसाच्या प्रवासात चाकाला चार वेगवेगळे शत्रू भेटतात.

म्हणूनच या मुलखातले पहिले 'ऑल-टेरेन' उत्तर चाकाचे नव्हतेच. ते खुराचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दख्खनमधला दूरचा मालव्यापार मुख्यतः वंजारी व लमाण तांड्यांच्या पाठाळ बैलांवर चाले. मीठ कोकणातून वर येई, धान्य खाली जाई. पाठीवर गोण लादलेला बैल घाट चढतो, ओढा ओलांडतो, काळ्या मातीतून पाय उपसतो. त्याला रस्ता बांधून द्यावा लागत नाही. उणीव एकच, एका बैलाच्या पाठीवर मावते फार थोडे. गाडे होते, पण भरीव चाकांचे आणि अवजड. ते तोफा, दगड किंवा शेतमाल जवळच्या अंतरावर हलवण्यासाठी जुंपले जात आणि त्यांना बैलांच्या अनेक जोड्या लागत.

हे चित्र बदलले ते रस्त्यांमुळे. १८२४ साली पीटर लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर चढला. त्यानंतर काही वर्षांतच छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून तिकडे रस्ता करवून घेतला. १८३० साली जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटाचा रस्ता चाकांसाठी खुला झाला आणि देशावरचा माल मुंबईकडे गाडीने जाण्याची वाट मोकळी झाली. रस्ता आला, पण त्यावर चालेल अशी हलकी गाडी शेतकऱ्याकडे नव्हती. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णी येथे गेसफर्ड नावाच्या महसूल-मोजणीच्या अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात सुधारित हलक्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. हा लष्करी माणूस जमिनी मोजायला आला आणि चाके बनवू लागला. कारण सरळ होते: पीक बाजारात पोहोचले नाही तर सारा वसूल होणार कुठून?

या नव्या गाडीचे चाक आऱ्यांचे होते. मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, भोवती घेराचे वळणदार लाकडी तुकडे आणि त्या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी पट्टी. या पट्टीला मराठीत सुंदर नाव आहे, 'धाव'. चाक सुताराचे, धाव लोहाराची. गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली धाव चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड आक्रसते आणि सांध्यासांध्यातून चाक करकचून आवळले जाते. सगळी कारागिरी गावातली, मोबदला बहुतांशी बलुत्याचा. चाक मोडले तर शहराकडे धावावे लागत नसे.

रानासाठी हे चाक उत्तमच होते. त्याची उंची माणसाच्या छातीला लागेल इतकी, त्यामुळे ते बांध आणि दगड सहज चढून जाई. धाव दीड-दोन इंच रुंद. ती चिखल कापत खालच्या टणक थरापर्यंत पोहोचे. काटा रुतण्याचा प्रश्नच नव्हता. पण हेच गुण रस्त्यावर दोष ठरले. सगळा भार त्या अरुंद पट्टीवर येई आणि खडी-मुरमाच्या रस्त्यात ती सुरीसारखी उतरे. पहिल्या गाडीने ओढलेल्या रेषेतून दुसरी जाई, दुसरीच्या रेषेतून तिसरी. याच रेषेला 'चाकोरी' म्हणतात. 'चाकोरीबद्ध जीवन' किंवा 'चाकोरीबाहेरचा विचार' असे आज सहज लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गाडीवाट क्वचितच असते. पण खोल चाकोरीत अडकलेली गाडी बाहेर काढताना बैलांचे काय होते हे ज्याने पाहिले, त्यालाच या शब्दाची ताकद कळली असणार.

पुणे ते मिरज हा लोहमार्ग १८९० च्या सुमारास पूर्ण झाला. तेव्हा आगगाडी बैलगाडीला हद्दपार करील असे कोणालाही वाटले असते. घडले उलट. लोहमार्ग सातारा शहराला बगल देऊन गेला. स्थानकाचे नावच 'सातारा रोड' पडले. ज्या गावाच्या नावापुढे 'रोड' लागते, तिथून खऱ्या गावापर्यंत पोहोचायला चाक लागणारच. स्थानकांकडे गूळ, शेंगा, हळद वाहणाऱ्या गाड्या वाढल्या आणि त्यांच्या धावांखाली रस्तेही अधिक वेगाने फुटू लागले.

विसाव्या शतकात मोटार आली आणि भांडणाला तोंड फुटले. रस्त्यांच्या दुरवस्थेचा विचार करण्यासाठी १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. या समितीच्या शिफारशींतून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. त्याचा पैसा पेट्रोलवरच्या जादा करातून यायचा. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. तिच्यापुढची एक जुनी डोकेदुखी म्हणजे लोखंडी धावेची गाडी. मोटारवाल्याच्या कराने रस्ता बांधायचा आणि गाडीवानाच्या धावेने तो उखडायचा, असे गणित मांडले गेले. गाडीवानाची बाजू मांडणारे त्या बैठकांत फारसे कोणी नसावे. वास्तविक रस्ता त्याच्या रानापर्यंत कधी आलाच नव्हता. त्याचे चाक ज्या जमिनीसाठी घडले होते तिथे ते निर्दोष होते. सडकेवरचा प्रवास हा त्याच्या वाटेचा शेवटचा तुकडा होता.

यावर सुचलेला तोडगा म्हणजे हवेचे चाक. इथे इतिहास एक गंमत करतो. हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ साली घेतले, तेव्हा मोटार जन्मलीच नव्हती. ते चाक घोडागाडीसाठी होते आणि १८४७ साली लंडनच्या रीजेंट्स पार्कमध्ये त्याचे प्रात्यक्षिकही झाले. रस्ता जितका खडबडीत, तितका हवेच्या चाकाने ओढीत होणारा फायदा मोठा, हे तेव्हाच दिसून आले होते. पुढे ते चाक विस्मरणात गेले. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ते पुन्हा शोधले. त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले; त्यांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. म्हणजे जनावराच्या गाडीसाठी जन्मलेले हवेचे चाक सायकल, मोटार अशी वळसे घेत पुन्हा जनावराकडे आले, तेही जवळजवळ नव्वद वर्षांनी.

डनलॉप कंपनीचा भारतातील कारखाना १९३६ साली बंगालमध्ये साहागंज येथे सुरू झाला. बैलगाडीसाठी रबरी टायर, पोलादी आस आणि बेअरिंग असा संच याच दशकात पुढे आणला गेला. गावोगाव अशा गाडीला 'डनलॉप गाडी' किंवा नुसतेच 'टायरगाडी' म्हणू लागले. आजही टायर-कंपन्यांच्या यादीत जनावरांच्या गाडीसाठी 'एडीव्ही' नावाचा स्वतंत्र वर्ग असतो. त्याची रिम सहसा १९ इंची. एसयूव्हीच्या टायरवरचे आकडे पाठ असणाऱ्या तरुणांपैकी किती जणांनी उसाच्या गाडीच्या टायरवरचे आकडे वाचले आहेत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

सडकेवर टायरगाडी निर्विवाद सरस ठरली. तेच ओझे बैल कमी जोरात ओढू लागले, रस्ताही कापला जाईना. रानात मात्र तक्रारी होत्या. जुन्या चाकोरीत रुंद टायर नीट बसत नसे. ओल्या काळ्या रानात तो खाली रुतत नसे हे खरे, पण चिखलाने माखून जड होई. बाभळीच्या काट्याने हवा गेली की गावच्या सुताराला आणि लोहाराला त्याचे काही करता येत नसे. पंक्चर काढणारा बाजाराच्या गावी. धाव झिजली तर घरचे धान्य देऊन भागत असे, टायर झिजला तर रोख पैसा लागे. यामुळेच दोन्ही गाड्या कित्येक दशके शेजारी शेजारी नांदल्या: रानाला धावेची, सडकेला टायरची. ज्याला एकच परवडे, तो बहुधा जुनीलाच चिकटून राही.

हा तोल उसाने मोडला. १९५० च्या दशकात सांगलीला वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे कराडजवळ रेठरे बुद्रुकला कृष्णा, इस्लामपूरजवळ साखराळ्याला राजारामबापूंचा कारखाना, आणि मग एकामागून एक. ऊस तोडल्यावर थांबत नाही. तो वाळतो, त्यातली साखर उतरते, म्हणून शक्यतो एका दिवसाच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. हजारो टन ऊस, ठरलेली वेळ, फडातून सडकेवर आणि सडकेवरून कारखान्यावर. रान आणि रस्ता दोन्ही पार करणारे चाक आता कारखान्याला हवे होते. टायरगाडीने बाजी मारली.

पण गाडी आता शेतकऱ्याची राहिली नाही. बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून ऊसतोड मजूर उचल घेऊन येतात. त्यांच्या कामाची वर्गवारीच चाकांवरून होते: 'गाडी सेंटर', 'टायर सेंटर' आणि ज्यांच्याकडे चाकच नाही, डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरायचे, त्यांचे 'डोकी सेंटर'. टायर सेंटरमध्ये बैल मजुराचे, गाडी बहुधा कारखान्याची. बैलजोडी घेण्यासाठी काढलेले कर्ज आणि उचल फेडायची तर खेपेला जास्तीत जास्त ऊस नेणे भाग. चाकाने बैलांची जी ओढ वाचवली, ती अशा रीतीने पुन्हा उसाच्या मोळ्यांनी भरली गेली.

ही केवळ हळहळ नव्हे. तिचा कायदेशीर दस्तऐवज आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली १९६५ साली ओढीच्या जनावरांसाठी नियम झाले. दोन चाकी गाडीला लहान बैलामागे किती वजन असावे, हे त्यात चाकाच्या जातीवरून ठरते: हवेचा टायर नसेल तर ५०० किलो, असेल तर ७५०, आणि बेअरिंग असतील तर १००० किलो. चढ एक किलोमीटर किंवा अधिक असेल आणि तीस मीटरला तीन मीटरहून जास्त उभा असेल, तर वजन निम्मे. घाटवाटांच्या साताऱ्यासाठी हे कलम जणू मुद्दाम लिहिले असावे. नियमकर्त्यांचा हेतू बैलाला वाचवण्याचाच होता, यात शंका नाही. तरी तक्ता नीट वाचावा: सुधारित चाकाचा नफा बैलाच्या विश्रांतीच्या खात्यात नव्हे, मालाच्या खात्यात जमा केलेला आहे. शिवाय या दोन चाकी गाडीचा तोल पुढे झुकला की भाराचा काही भाग थेट मानेवर येतो, आणि उत्तमातला उत्तम टायरही त्या जुवाखाली काही करू शकत नाही. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी १९७० च्या दशकात हेच सांगत होते: नुसते टायर बदलून भागणार नाही, जू आणि गाडीचा सांगाडाही बदलावा लागेल.

मोटारीच्या चाकाची कथाही याच वळणाने गेली. दुसऱ्या महायुद्धातील जीपला जो टायर होता, त्याच्या आडव्या पट्ट्या पुढे-मागे दोन्ही दिशांना सारखीच पकड घेत; चिखलात रुतलेली गाडी मागे घेता यावी हा त्यामागचा विचार. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्रांनी विलीज जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढच्या काळात सातारा, सांगली, कोल्हापूरकडे 'वडाप' नावाची संस्था जन्मली. एसटी जिथे वळत नाही तिथपर्यंत माणसे, दुधाच्या किटल्या आणि कोंबड्या घेऊन जाणारी ही जीप या भागातली खरी रोजच्या वापराची ऑल-टेरेन गाडी होय. तिच्या टायरची निवड सोपी होती. 'गोटा' होईपर्यंत चालवायचा, मग रबर चढवून पुन्हा चालवायचा.

ज्याला आज 'ऑल-टेरेन' म्हणतात तो टायर अमेरिकेतल्या बीएफगुडरिच कंपनीने १९७६ साली रेडियल बांधणीत बाजारात आणला. आपल्या हौशी पिकअप गाड्या आठवडाभर डांबरी रस्त्यावर आणि शनिवार-रविवारी वाळवंटात हाकणारे गिऱ्हाईक तिथे तयार झाले होते. हेच गिऱ्हाईक आता साताऱ्याच्या दुकानात उभे आहे.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर धाव आणि टायरगाडीच्या जुन्या जोडीत दडलेले आहे. एटी टायरचे ठोकळे मोठे आणि चर रुंद, म्हणून तो माती धरतो, दगडावर टिकतो. त्याची बाजूची भिंतही सहसा जाड असते. पण त्याच कारणाने डांबरावर टेकणारे रबर कमी पडते. आवाज वाढतो, टायर जड असल्याने ॲव्हरेज घटते, आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर ब्रेक लावल्यावर चांगल्या एचटी टायरच्या तुलनेत गाडी थांबायला बहुधा अधिक अंतर लागते. पावसाळ्यात खंबाटकीचा उतार रोज उतरणाऱ्याने याचा विचार पठारावरच्या छायाचित्राच्या आधी केला पाहिजे. ज्याची गाडी वर्षातले दहा दिवस मुरमावर जाते, त्याला एचटी टायर आणि थोडी सबुरी पुरते. ज्याच्या घरापासून डांबरापर्यंत रोज दोन किलोमीटर पाणंद आहे, त्याच्यासाठी एटी हा शौक नव्हे, गरज आहे. ओल्या काळ्या मातीच्या बाबतीत मात्र कोणाचीच खात्री नाही. ती एटीच्या खाचा पाच मिनिटांत भरून टाकते आणि मग महागडा टायरही गोट्यासारखाच घसरतो.

पाणंदींसाठी राज्य सरकारने २०२१ साली मातोश्रींच्या नावे शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. चाक बदलण्याऐवजी वाट बदलण्याचा हा मार्ग, प्रतापसिंह महाराजांच्या रस्त्याइतकाच जुना. जिथे पाणंद पक्की होते तिथे एटी टायरची गरज संपते, आणि पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवरून सडकेपर्यंत आणण्याचीही.

उसाच्या गाडीकडे पुन्हा एकदा लक्ष गेले ते २०२२ साली. साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी दोन बैलांच्या मध्ये, जुवाखाली टेकणारे एक छोटे चाक बनवले आणि त्याला 'सारथी' हे नाव दिले. मानेवर येणारा भार या तिसऱ्या चाकाने जमिनीला द्यायचा, अशी कल्पना. त्याचे छायाचित्र देशभर फिरले. कारखान्याच्या दारातल्या सडकेवर ते सुरेख चालेल. मात्र लहान व्यासाचे चाक मऊ जमिनीत लवकर रुतते आणि खड्ड्यातून उशिरा बाहेर येते. त्यामुळे तोडणीच्या फडातून, ओल्या सरीवरून सडकेला लागेपर्यंतच्या शे-दोनशे पावलांसाठी त्याला कोणता टायर लावायचा, हे पुन्हा कोणाला तरी ठरवावे लागेल.